दूध पाजायचा तक्ता

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मला हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये हजेरीनविसाची नोकरी लागली. उर्दू मिडल पास होतो, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहिता यायचं, अक्षर बरं होतं. एवढ्यावर मला घेतलं. पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी कपाटातून खिशातलं एक घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि त्याची सही घेतली. त्याआधी मी घड्याळ कधी हातात धरलेलं नव्हतं. आमच्या गावात वेळ सांगायची ती कासराभर दिवस वर आला, गुरं सुटली, दिवे लागले अशी.

शेडमध्ये चाळीस जिनं होती, वीस-वीसच्या दोन रांगांत. प्रत्येक जिनासमोर फळीवर एक बाई बसायची आणि हाताने कापूस सोडत राहायची. रुई पुढून निघायची, सरकी खाली पडायची. सगळी जिनं एकाच इंजिनावर पट्ट्यांनी चालत. एकदा पट्टे फिरायला लागले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. हातवारे करून सांगावं लागे. माझा उजवा कान तिथेच मंद झाला.

साहेब बाहेरगावचे. बोलायचे हिंदीत, मधेमधे मराठी मिसळून. त्यांनी मला काम समजावलं ते असं : "देखो मुनशी, ये काम नजर का है. बाईची नजर हटली की घास जाड पडतो आणि जिन तुंबतं. कापसात खडा असला अन् तो रुळावर गेला, तर ठिणगी. पिछले साल आधा शेड गया." हे खोटं नव्हतं. शेडच्या एका भिंतीवर काळे डाग अजून होते. माझं काम एवढंच की दर अर्ध्या तासाने वहीसह फेरी मारायची, ज्या जिनासमोरची जागा रिकामी दिसेल त्याचा नंबर लिहायचा, बाई किती वाजता उठली आणि किती वाजता परत बसली ते मांडायचं.

त्या चाळिसांत सहा बाया लेकुरवाळ्या होत्या. शेडच्या मागे पत्र्याचं एक छप्पर होतं. तिथे आडव्या बांबूला सहा झोळ्या टांगलेल्या असत. झोळ्या हलवायला एक म्हातारी होती. तिला सगळे मावशी म्हणत. पूर्वी तीही जिनावरच होती. दोन बोटं गेल्यावर तिला लेकरांवर ठेवलं होतं.

बायांना मी नंबरानेच ओळखायचो. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा सतरा नंबर आला. ही बाई विशीची असेल. दोन कोसांवरच्या गावाहून पहाटे निघून यायची. घरी दोन एकर जमीन, सासू वारलेली, नवरा शेतावर. मुलगी चार महिन्यांची, तिला घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून पाठीशी बांधून आणायची. दिवसातून पाच-सहा वेळा ती जिन सोडून मागे जायची. मुकादमाने एकदा तिला दारातच अडवलं आणि मला बोलावलं.

मी विचारलं, "बाई, इथं एवढा आवाज. लेकरू रडतंय हे तुला आत बसून कसं कळतं?"

तिने खाली पाहिलं. "आवाज न्हाई येत मुनशी. दूध येतं."

तिची चोळी पुढून ओली झाली होती आणि त्या ओल्यावर रुईचे तंतू चिकटून पांढरा थर बसला होता. मी मान वळवली आणि तिला जाऊ दिलं. वहीत मात्र लिहिलं, सतरा, दहा वाजून वीस ते दहा पस्तीस. लिहिणं माझं काम होतं.

त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मला वाटलं, यात दोष कुणाचाच नाही, वेळ नीट वाटलेला नाही एवढंच. बाई जिनावर असते तेव्हा तिचं चित्त झोळीत असतं. झोळीपाशी गेली की मुकादम येईल म्हणून दाराकडे नजर. दोन्हीकडे अर्धी. तिला आधीच ठाऊक असेल की अमुक वेळी आपण जाणार आहोत, तर मधल्या वेळात ती निवांत काम करील.

मग आठ दिवस मी फेऱ्यांच्या मधे छपराखाली जाऊन बसायचो आणि कुठलं लेकरू कधी उठतं, कधी रडतं, किती वेळ पितं ते टिपून घ्यायचो. मावशीला घड्याळ कळत नव्हतं. ती सावलीवर सांगायची. "हे बारकं सावली त्या दगडापशी आली की उठतं. हे थोरलं उपाशी न्हाई, उगं रडतं, त्याला उचलून घेतलं की बास." मी दगडापाशी जाऊन घड्याळ बघायचो आणि दगडाचे सव्वानऊ लिहायचो. सतरा नंबरची मुलगी सगळ्यात बेभरवशाची होती. तिची वेळ रोज बदलायची. शेवटी मी तिच्यासाठी दोन वेळा धरल्या आणि तिसरी मोकळी ठेवली.

तक्ता तयार झाला. सहा बाया, प्रत्येकीला दुपारच्या सुट्टीशिवाय तीन वेळा दहा-दहा मिनिटं. ती गेली की तिच्या जिनावर बदली बाई बसणार. सरकीच्या ढिगावरच्या एका जाणत्या बाईला मुकादमाकडून त्यासाठी मागून घेतलं. बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून मी घड्याळ बघून रांगेतून जायचो आणि जिची वेळ झाली तिच्या खांद्याला वहीचा कोपरा लावायचो.

हे चाललं, आणि चांगलं चाललं. जिनं तुंबणं कमी झालं. सहाजणी दाराकडे माना वळवायच्या त्या बंद झाल्या. एकदा सतरा नंबर परत येऊन बसताना माझ्याकडे बघून किंचित हसली. तिथे कामाच्या वेळी कोणी हसत नसे. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की मी काहीतरी मोठं केलं आहे.

घरी मात्र माझं वेगळंच झालं होतं. बायको जेवताना काही सांगत असली की माझा हात खिशाकडे जायचा. एक दिवस ती बोलता बोलता थांबली. "काहून थांबलीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुमी माझं बोलणं मोजून राहिले की काय?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांनी तक्ता मागवला. मी अभिमानाने नेला. स्वच्छ अक्षरात, रकाने आखून, रोजच्या नोंदींसह. साहेबांनी चष्मा लावून तो बराच वेळ वाचला. "बहुत अच्छा काम किया," ते म्हणाले. मग पेन्सिल घेऊन ते शेवटच्या रकान्यातली मिनिटं एकाखाली एक मिळवू लागले. मी उभाच होतो. बेरीज झाल्यावर त्यांनी तिच्याभोवती गोल काढला. सहा बायांचे रोजचे तीन तास.

"पहले मालूम नहीं था," साहेब म्हणाले. "जाती थी, आती थी, कौन गिनता. आता कळलं."

मी म्हणालो, "साहेब, बदली बाई असते त्या वेळात. जिन थांबत नाही."

"बदली भी तो एक बाई है ना? ती इकडं बसते म्हणजे सरकीवर एक कमी."

आठवड्यात बदली बाई सरकीवर परत गेली. त्यानंतर हुकूम आला की दुपारच्या सुट्टीशिवाय जी बाई जिन सोडून जाईल तिचं नाव कमी करायचं. आधी बाया हव्या तेव्हा जायच्या, तेव्हा मुकादम खेकसायचा आणि गोष्ट तिथे संपायची. त्यांचं जाणं कुणाच्या नजरेत भरेल असं नव्हतं. मी ते मांडून दाखवलं.

मी साहेबांना दोनदा विनवलं. दुसऱ्यांदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "मुनशी, तुम किसके नौकर हो?"

हुकूम बायांना सांगायचं काम माझंच. दुपारच्या सुट्टीत सहाजणी लेकरं पाजत बसल्या होत्या. तिथे जाऊन सांगितलं. एक पोक्तशी बाई म्हणाली, "बराबर हाय मुनशी. आमाला कळलं. आता लेकराला कसं सांगायचं ते बी सांगा."

मला वाटलं होतं, दोन-तीनजणी तरी काम सोडतील. कोणी सोडलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वहीतला तो रकाना कोरा राहू लागला. कोणी उठत नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला. चला, निभावलं म्हणालो. दोन दिवस मी खरोखर असाच समाधानात होतो, हे सांगताना आता लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी सहज मागे गेलो. सहाही झोळ्या स्थिर होत्या. मावशी एका कडेला पाय पसरून सुपारी कातरत होती. त्या छपरात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. आतल्या पट्ट्यांची घरघर तेवढी येत होती.

"मावशी, आज सगळी एकदम निजली?"

"निजली."

"अशी कशी?"

तिने अडकित्ता खाली ठेवला. "गोळी देऊन आणत्यात. अफूची. मोहरीएवढी. तुमाला काय वाटलं मुनशी, तुमच्या कागदाकडं बघून निजली लेकरं?"

मी झोळ्यांत डोकावलो. लेकरं घामेजली होती, तोंडं अर्धी उघडी. सतरा नंबरच्या मुलीच्या पापण्या पुऱ्या मिटलेल्या नव्हत्या, आतलं पांढरं दिसत होतं. मी तिच्या गालाला बोट लावलं. काहीच नाही.

दुपारचा भोंगा झाला तशी तिची आई धावत आली. मुलीला छातीशी धरलं. मुलगी ओढेना. बाईने तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, कानाला हळूच चिमटा घेतला, तोंडावर पाणी शिंपडलं. मुलीने डोळे किलकिले केले, दोन घोट घेतले आणि पुन्हा मान टाकली. दुधाने बाईची छाती ठणकत होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि हाताने दूध पिळून मातीवर काढू लागली. मी खांबाआड उभा होतो. ती उठल्यावर मी तिला गाठलं.

"बाई, ही गोळी बंद कर. लेकरू जाईल तुझं."

"मला काय कळत न्हाई का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पर एकदा लागली की सुटायला तीन दिवस लागत्यात म्हणं. तीन दिवस लेकरू नुसतं किंचाळतं. हातातून खाली ठेवता येत न्हाई. ते तीन दिवस मी कुठून आणू?"

"मी देतो," मी म्हणालो.

कुठून देणार होतो ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी साहेबांकडे जाऊन तिच्यासाठी तीन दिवसांची रजा मागितली. ऐन हंगाम होता, आवारात बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत गेलेली. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मग मी मुकादमाच्या हातापाया पडलो, सरकीवरच्या बदली बाईला तीन दिवस सतरा नंबरवर बसवायला राजी केलं, आणि वहीत सतरा नंबर हजर असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं लिहिलं. चाळीस बायांत एक चेहरा बदलला तर कुणाला कळणार? साहेबांना चेहरे माहीत नव्हते.

दोन दिवस कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर सतरा नंबरचं जिन तुंबलं, आणि नेमके साहेब शेडमध्ये होते. त्यांनी बदली बाईला विचारलं, कितने दिन से इस नंबर पर है. ती बिचारी साधी. ओरडून म्हणाली, "मी इथली न्हाई जी. मी सरकीवरची. मुनशींनी बसवलं."

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. ऑफिसात नेऊन वही उघडली, त्या तीन नोंदींवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. सतरा नंबर कमी केला. मला म्हणाले, "तुमको निकालता नहीं. तुम्हारे जैसा तक्ता दुसरा कौन बनाएगा." त्याच संध्याकाळी सतरा नंबरवर नवी बाई घेतली गेली. तिला लेकरू नव्हतं.

मी तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती असं माझी मुलं आज म्हणतात. घरी वडील अंथरुणाला होते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. पण हे कारण पुरतं खरं नाही. सोडायचं माझ्या मनातच आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी हजेरी घेत होतो. सतरा नंबर आली. केस नीट विंचरलेले, पदर खोचलेला. दोन कोस चालून आलेली, पण चेहरा उजळलेला. मुलगी तिच्या कडेवर होती आणि डोळे उघडे होते. टकामका बघत होती.

"सुटली बघा मुनशी," ती म्हणाली. "दोन दिवस आन दोन राती खांद्यावरून उतरली न्हाई. किंचाळून किंचाळून आवाज बसला तिचा. माझ्या मालकानं बी घेतलं थोडा वेळ. परवाच्याला लई घाबरलो होतो आमी. पर काल सांजच्याला आपणहून पिली. आज सकाळी हसली."

मुलीने माझ्या वहीकडे हात केला. मागे बायांची रांग खोळंबली होती. रांगेतली एक बाई म्हणाली, "मुनशी, आमचं घ्या की." मग मी सांगितलं. तुझ्या जागी दुसरी घेतली, म्हणालो.

तिला आधी कळलंच नाही. "काहून? मी तर वेळेवर आले."

"व्हय," मी म्हणालो. "वेळेवर आलीस."

"तुमी तीन दिवस देतो म्हणाले होते."

"म्हणालो होतो."

भोंगा झाला, बाया आत गेल्या, पट्टे सुरू झाले. ती फाटकाच्या बाजूला लिंबाखाली उभी राहिली. पहिली फेरी मारून मी बाहेर डोकावलो तेव्हा ती तिथेच बसून मुलीला पाजत होती. दुसऱ्या फेरीला नव्हती.

महिनाभराने मावशीकडून कळलं की ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या जिनिंगमध्ये लागली. मी विचारलं, तिथं लेकराला पाजायला सोडतात का? मावशीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. एका सुट्टीच्या दिवशी मी तिकडे चालत गेलो. त्यांचं काम चालू होतं. कुंपणाच्या तारेतून त्यांच्या मागचं छप्पर दिसत होतं. झोळ्या होत्या आणि आवाज नव्हता. तिची कुठली ते मला ओळखता येईना. आत जाऊन काय म्हणणार? गोळी बंद कर, मी तीन दिवस देतो? तिथून परत आलो. आमच्या इथल्या पाच झोळ्यांचंही मी काही करू शकलो नव्हतो. त्यांतलं एक लेकरू शिमग्याच्या आधी गेलं. आई दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. वहीत मी दोन दिवस गैरहजर लिहिलं.

पुढे रझाकारांची धामधूम झाली. जिनिंग बंद पडलं. आम्ही बरेच महिने सरहद्दीपलीकडे वाशीमकडे नातेवाइकांत काढले. निजामाचं राज्य गेल्यावर परत आलो, आणि कापूस निघायच्या सुमाराला मालकांनी पुन्हा माणसं गोळा करायला सांगितली. मॅनेजर नवीन होते. त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली, त्यात माझा तक्ता निघाला, आणि तो हुकूमही. हुकूम तसाच चालू ठेवायचं ठरलं.

त्या दिवसांत बाजारात ती मला भेटली. मी ओळखलं नव्हतं, तिनेच हाक मारली. पदराला धरून तीनेक वर्षांची मुलगी उभी होती. अंगाने बारीक, पण डोळे तेच. मला ती गोळी आठवली आणि मी घाईघाईने विचारलं, "बोलते का?"

"बोलती की. लई बोलती. परक्यापुढं न्हाई बोलत."

मी खाली वाकून मुलीला नाव विचारलं. ती आईमागे लपली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या दुकानातून मूठभर चुरमुरे घेऊन मी तिच्या ओंजळीत टाकले. तेव्हा माझं लक्ष गेलं. बाईच्या पाठीशी आणखी एक लेकरू बांधलेलं होतं. दोन-तीन महिन्यांचं.

ती म्हणाली, "जिनिंग चालू हुणार म्हणत्यात. जागा असंल तर बघा की मुनशी. औंदा रानात काहीच न्हाई."

मी म्हणालो, "लेकरू हाय ना तुझं. हुकूम तसाच हाय अजून."

"ठावं हाय," ती म्हणाली. तिने पाठीवरच्या लेकराला मागे हात नेऊन थोपटलं. ते जागंच होतं. "हे लई निजतं. त्याची काई तकलीफ न्हाई हुणार तुमाला."

मी बघतो म्हणालो. हंगाम सुरू झाला तेव्हा मी तिला घेतलं. एकतीस नंबर दिला. न घेता काय केलं असतं, आणि घेऊन दुसरं काय करता आलं असतं, ते मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.